देवीचा उजवा खांदा

देवीच्या इच्छेपुढे माणसाचं काहीएक चालत नाही, हे मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फक्त त्या दिवशी देवीच्या इच्छेला पाणी मी लावलं होतं, आणि ते डाव्या खांद्यावर जरा जास्त लागलं होतं.

सकाळी सातचा सुमार. देवळामागच्या विहिरीवर मी कळशी भरायला गेले, तर कुमुद मोंडकर रहाटाला धरून उभी.

"अगं, रहाट सोड. पाणी कसं काढू मी?"

"भागाकाकी, आज माझा कौल आहे."

"ठाऊक आहे. पाटीवर तुझंच नाव आहे. कुमुद मोंडकर, वय एकतीस, रिकामी."

रिकामी हा शब्द माझा नव्हे, सरकारी. जन्मदाराज्यात ज्या बाईच्या पाळण्यात दोन वर्षं मूल नाही, ती रिकामी. अठरा ते चाळीस वयातल्या रिकाम्या बाईला देवीसमोर बसवून विचारायचं, हिने आणखी एक मूल द्यावं का? विचारायचं देवीला. बाईला विचारायची तरतूद नव्हती.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"तिसरं राहिलं तर बाळ वाचेल, तुझं काही सांगता येत नाही म्हणाले. मागच्या वेळी किती रक्त गेलं, त्यांनी पाहिलंय ना. म्हटलं, लिहून देता का? तर म्हणाले, लिहून दाखवणार कुणाला?"

"बरोबर आहे त्यांचं. देवीला डॉक्टरची चिठ्ठी दाखवायची पद्धत नाही."

कुमुद हसली नाही. मीही विनोद केला नव्हता. तसा नियमच होता, कलम अकरा.

"चिमी पाच वर्षांची आहे, काकी," ती म्हणाली. "तिला अजून वेणी घालता येत नाही स्वतःची."

चिमी तिची घरची मुलगी. दुसरं मूल, मुलगा, ओटीघरात झालं. ओटीघरात झालेलं मूल देवीचं, म्हणजे ते पुढे कुठे गेलं हे आईला सांगत नसत. कौल हो आलेल्या बाईला तिथे वर्षभर ठेवत. तिथे काय व्हायचं ते मी सांगणार नाही. परत आलेल्या बायकांनीही मला कधी सांगितलं नाही, आणि मी गावातल्या सगळ्या गोष्टी खोदून काढणारी म्हणून प्रसिद्ध होते.

"घरी जा. दोन घास खा. नऊला ये," मी म्हटलं. "मी बघते."

"काय बघता?"

"पाणी," मी म्हटलं, आणि कळशी खाली सोडली.

आता हे कौलाचं नीट सांगते, नाहीतर माझं झालं तसं तुमचं होईल.

देवी आमची जुनीच. राज्य आलं तेव्हा तिचं नाव बदलून जन्मदा ठेवलं, एवढंच. त्याआधी लोक तिला विचारायचे की बैल कुठे गेला, विहीर कुठे खणू. फुलाच्या दोन पाकळ्या भिजवून तिच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. बैल बहुतेक वेळा सापडायचा.

या पाकळ्या लावायचं काम आमच्या घराण्याचं, गुरवाचं. माझे यजमान गेले आणि त्याच सुमारास राज्याने ठरवलं की जन्मदेच्या अंगाला हात फक्त मूल होण्याचं वय सरलेल्या बाईनेच लावायचा. त्यामुळे त्रेचाळिसाव्या वर्षी मला सरकारी नोकरी लागली. म्हातारं झाल्याबद्दल नोकरी मिळालेली मी आमच्या तालुक्यात पहिलीच.

कौल वाचायला घाटावरून इंगळेसाहेब आले. कौलाधिकारी. माणूस सज्जन. प्रत्येक बाईला ताई म्हणायचा, आत येताना पायपुसण्याला पाय पुसायचा. फक्त त्याच्या मुलखात कौलाची पद्धत नव्हती. देवी आपल्याकडे तोंड करून बसलेली असते. म्हणजे तिचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो. हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोराला सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच इंगळेसाहेबांना कुणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ते देवीसमोर मांडी घालून बसले, पाकळी पडली, त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं आणि निकाल लिहिला. उलटा.

देवी हो म्हणाली की ते नाही लिहीत. देवी नाही म्हणाली की ते हो लिहीत. बाई डोळ्यांवर पदर घेऊन बसलेली असायची, तिला दिसत नसे. बाकीचे उंबऱ्याबाहेर. पाहणारी मी एकटी.

तीन वर्षं मी पाहत होते आणि गप्प होते. का, ते येईलच पुढे.

पाण्यात मात्र मी तोवर कधी लबाडी केली नव्हती. जास्त ओली पाकळी जास्त वेळ चिकटून राहते, हे गुरवाच्या घरात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. त्या दिवशी मी ठरवलं. इंगळेसाहेबांनी नाही लिहायला हवं. म्हणजे पाकळी त्यांच्या डावीकडची पडायला हवी. म्हणजे देवीच्या उजवीकडची. म्हणजे देवीच्या उजव्या खांद्याला पाणी कमी आणि डाव्याला जास्त. विहिरीपासून गाभाऱ्यापर्यंत मी एकेक हात वर करून पडताळत आले. मांडवात बसलेल्या एका म्हातारीला वाटलं मी तिला बोलावतेय. ती उठून आली.

"तुम्हाला नाही हो," म्हटलं, "मी देवीचं बघतेय."

तिने हात जोडले.

नऊच्या आत मी पाकळ्या लावल्या. उजवीला पाणी दाखवल्यासारखं केलं, डावी चिंब. एकदा पाकळ्या लावल्या की देवीला पुन्हा हात लावायचा नाही, हा आमचा फार जुना नियम. कुमुद पाटावर येऊन बसली, पदर पुढे ओढला. दारात ओटीवाली बायजाबाई तबक घेऊन उभी राहिली. तबकात नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू. कौल हो आला की बायजाबाई तिथल्या तिथे ओटी भरायची. ओटी पदरात पडली की बाई ओटीघराची. पोलीस आला तर माणूस पळेल, भांडेल. भरायला आणलेली ओटी झिडकारलेली बाई आमच्याकडे कुणी पाहिलेली नाही. ही युक्ती ज्याने काढली त्याला बायकांची चांगली माहिती होती.

मी गाऱ्हाण्यासाठी घसा खाकरला, आणि बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"निरीक्षक!" इंगळेसाहेब धडपडत उठले. "आज कसे?"

धर्मनिरीक्षक नेवरेकरशास्त्री आत आले. गोरे, घामेजलेले, उपरण्याने मान पुसत. दोन वर्षं यायचं यायचं म्हणत होते. उंबऱ्यातच त्यांनी देवीला हात जोडले आणि मला म्हणाले, "काय गुरवीणबाई, ओळखलंत का? माझं आजोळ इथून दोन खाड्या पलीकडे. लहानपणी कौल बघायला यायचो मी इथे. आमची म्हैस इथेच सापडली."

म्हैस सापडलेला माणूस! याला देवीचा उजवा माहीत असणार.

"बसा, इंगळे. चालू द्या तुमचं. मी नुसता बघतो," असं म्हणून ते इंगळेसाहेबांच्या शेजारी बसले.

मी देवीकडे बघितलं. उजवी पाकळी आताच कडेने सुटायला लागली होती. मीच तिला पाणी दिलं नव्हतं. आता ती पडली की इंगळे नाही म्हणणार आणि शास्त्रीबुवा हो म्हणणार. डावी पडायला हवी होती. नाही, डावी पडली असती तर इंगळे हो म्हणाले असते. मग कुठली पडायला हवी होती? मला कळेना. आजही अर्धवटच कळतं.

"गुरवीणबाई, गाऱ्हाणं," इंगळेसाहेब हळूच म्हणाले.

मी सुरू केलं. "हे माये जन्मदे! ही तुझी लेक कुमुद तुझ्या पायाशी बसली आहे."

"होय माये!" मांडवातल्या बायका ओरडल्या.

"तिच्या पोटी आणखी एक जीव यावा अशी तुझी इच्छा असली, तर उजवा दे."

"होय माये!"

"तिला मोकळं करायची इच्छा असली, तर डावा दे. तिला एक पाच वर्षांची मुलगी आहे, तिची वेणी..."

"गाऱ्हाण्यात वेणी नसते," शास्त्रीबुवा म्हणाले.

मी थांबले. आणि पाकळी पडली. उजव्या खांद्यावरून सुटून देवीच्या मांडीवर आली, तिथून खाली.

"डावा," इंगळेसाहेब म्हणाले आणि त्यांनी लेखणी उचलली. "ताई, उठा. देवीने तुम्हाला कायमचं मोकळं केलं."

कुमुदने पदर वर केला. तिचा चेहरा मला अजून आठवतो. असं तोंड उघडं राहिलं होतं तिचं, श्वास घ्यायला विसरल्यासारखं.

"उजवा," शास्त्रीबुवा म्हणाले.

"अं?"

"उजवा पडला, इंगळे."

"नाही बुवा. हा बघा ना, इकडे. माझ्या डाव्या हाताला."

"तुमचा हात कशाला मध्ये? कौल तुम्हाला लावलाय की देवीला?"

बायजाबाई एक पाऊल आत आली. "भरू का ओटी?"

"थांबा," इंगळे म्हणाले.

"भरा," शास्त्रीबुवा म्हणाले.

"एक काय ते सांगा. तबक जड आहे," बायजाबाई म्हणाली.

"तुम्ही बाहेर थांबा जरा. मांडवात." शास्त्रीबुवा इंगळ्यांकडे वळले. "देवीकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे कळेल तुम्हाला."

"देवीकडे पाठ कशी करू?"

हे मात्र शास्त्रीबुवांनाही पटलं. मग ते स्वतः उठून इंगळ्यांच्या पुढ्यात, तोंडासमोर तोंड करून बसले. पाठ देवीला येऊ नये म्हणून थोडे तिरके, त्यामुळे ते काही सोपं झालं नाही. "हा माझा उजवा हात. तुमचा उजवा वर करा. आता बघा, एकासमोर एक आले का?"

इंगळेसाहेबांनी हात वर केला. खाली केला. दुसरा वर केला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"नाही आले," ते म्हणाले.

"मग देवीचा उजवा कुठला?"

इंगळ्यांनी देवीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग लेखणी खाली ठेवली आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "तीन वर्षं, बुवा."

"काय तीन वर्षं?"

"मी असंच वाचतोय."

शास्त्रीबुवांनी दार लोटून घेतलं.

"म्हणजे ज्यांना देवी नको म्हणाली, त्या?"

"ओटीघरात गेल्या."

"आणि हव्या होत्या त्या?"

"मोकळ्या केल्या. गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईंनासुद्धा मोकळं..." इंगळ्यांनी हात जोडले. "बुवा, मी मुद्दाम नाही हो केलं."

शास्त्रीबुवांनी उपरण्याने मान पुसली. माणूस हुशार, त्यांना फार वेळ लागला नाही. "झालं ते झालं. ही गोष्ट या चार भिंतींत राहील. आजपासून बरोबर वाचायचं. आजचा कौल उजवा. बायजाबाईंना बोलवा."

कुमुद पाटावरून उठली आणि भिंतीला टेकली. ओरडली नाही, काही नाही. तिने फक्त पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं, ओटी घालायला जागाच नको म्हणून. आधी सांगितलं ना, असलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी बोलले. धीर वगैरे काही नव्हता माझ्यात, माझं डोकं पार भंजाळलं होतं आणि तोंड आपोआप चालू झालं.

"बुवा, आजचा उजवा म्हटलात तर मागचे सगळे उलटे होतात."

"ते मला कळतं, बाई."

"बाहेर मांडवात साठ बायका आहेत. निम्म्या ओटीघरातून आलेल्या. त्यांना कळायला हवं ना, की देवी त्यांना नको म्हणाली होती?"

"त्यांना कोण सांगणार?"

"माझा आवाज मोठा आहे. गाऱ्हाण्याची सवय आहे."

"धमकी देता?"

"नाही हो. मला नुसतं कळत नाहीये, म्हणून विचारते. देवीच्या इच्छेविरुद्ध मूल घेणं म्हणजे देवीद्रोह ना? कलम दोन. मग तो द्रोह इंगळेसाहेबांचा, की दोन वर्षं इथे न येता 'तपासणी केली, सर्व यथायोग्य' असा शेरा पाठवणाऱ्याचा?"

मग शास्त्रीबुवांनी विचारायला नको होतं ते विचारलं.

"तुम्ही गुरवाच्या घरातल्या. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असणार."

"होय."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

मी कुमुदकडे बघितलं नाही. देवीकडेही नाही. इंगळेसाहेबांच्या दौतीकडे बघत सांगितलं.

"इंगळेसाहेबांचा पहिला कौल माझ्या नलूचा होता. माझी मुलगी. बावीस वर्षांची, लग्नाला चार महिने झालेले. देवीने उजवा दिला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, उजवी पाकळी पडली. नलू जाणार होती. आणि हे म्हणाले, डावा. ताई, उठा, मोकळ्या आहात. मी तोंड उघडलं होतं, बुवा. सांगायलाच उघडलं होतं. मग मिटलं."

"स्वतःच्या मुलीपुरतं समजू शकतो," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण त्यानंतर? दुसऱ्या कौलाला तरी?"

"दुसऱ्याला सांगितलं असतं तर पहिलाही फिरवला असता त्यांनी. नलूला परत आणलं असतं."

"दुसरा कुणाचा होता?"

"दुसरा माझा होता," कुमुद म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. बाजारात पुढे नंबर कुणाचा विचारल्यावर सांगतात तसा. "त्याच दिवशी. नलू उठली आणि मी बसले. पाट गरम होता तिचा."

इंगळेसाहेबांनी तोंडावर हात घेतला. ते रडत होते असं मला वाटतं. सज्जन होतेच ते.

शास्त्रीबुवा मात्र कामाला लागले होते. डोळे मिटून, ओठ हलवत, कसलासा श्लोक जुळवावा तसं. मग डोळे उघडून त्यांनी सांगितलं, "लिहा, इंगळे. प्रत्येक स्थानाचा आपला प्रघात असतो. या स्थानी जन्मदा भक्ताच्या हाताने बोलते. भक्ताचा डावा तो डावा, भक्ताचा उजवा तो उजवा. प्रघात अनादी. कौल डावा. कुमुद मोंडकर कायमची मोकळी."

"म्हणजे," इंगळे नाक पुसत म्हणाले, "मी बरोबर वाचत होतो?"

"तुम्ही गप्प बसा."

"आणि बुवा, तुमची म्हैस? ती मग..."

"म्हशीचं नाव काढू नका!"

त्यांनी खाली सही केली, शिक्का मारला, दार उघडलं. बायजाबाईने तबक खाली ठेवून हुश्श केलं. मांडवात "होय माये" झालं. कुणाला काय होय म्हणायचं ते माहीत नव्हतं, पण सवय होती.

तो प्रघात पुढे राज्य बुडेपर्यंत आठ वर्षं चालला. देवी हो म्हणाली की नाही, नाही म्हणाली की हो, आणि आता कायद्याने. त्यानंतर मी पाणी कसं लावायची, ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि आताही सांगत नाही. आणि त्या दिवशी कुमुदबद्दल देवीला स्वतःला काय वाटत होतं ते कुणालाच कळलं नाही. तिच्या खांद्यावर मी बसले होते, समोर ते दोघं बसले होते, तिने बोलायचं कुठून?

निरीक्षकांची गाडी गेली. मांडव रिकामा झाला. मी गाभारा पुसायला घेतला आणि तोच तोच कोपरा पुसत राहिले. कुमुद अजून गेली नव्हती. बाहेरच्या पायरीवर ती उभी असलेली मला दिसत होती. माझी वाट बघत होती, हे उघड होतं. उगाच कुणी उन्हात उभं राहत नाही.

काय म्हणायचं ते मी मनात जुळवलं. पाया पडायचं, हे एक. तुझ्या मुलाचा शोध घेते, जिथे असेल तिथून, हे दुसरं. पण ते खोटंच होतं, त्या मुलांचा पत्ता देवीलाही नव्हता. मारलंस तरी चालेल, असंही मनात आलं. मग वाटलं, आज मी तिला वाचवलं. लगेच वाटलं, ते खरंच मी केलं का? आणि कशातून वाचवलं? ज्यात मीच ढकललं होतं त्यातून? विचार इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. शेवटी ओलं फडकं हातात तसंच घेऊन मी बाहेर आले आणि तिच्यापासून दोन पायऱ्या वर थांबले.

तिने वळून बघितलं. डोळे कोरडे होते.

"बोल, कुमुद," मी म्हटलं. "तुला जे बोलायचंय ते बोल. मी ऐकून घेईन."

पायरीचा दगड तापला होता, ती एकेक पाय उचलत होती.

"काकी," ती म्हणाली, "माझी चप्पल कुणीतरी घालून गेलं. घरापर्यंत तुमची द्याल का?"